पार्टी घरीच हाये

कस्टमर केअरवाल्याला होल्डवर ठेवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या शेजारच्या उमाठे काकू.

तुम्हाआम्हाला त्या लोकांनी "कृपया लाइनवर राहा" म्हटलं की आपण निमूटपणे फोन कानाला लावून ती पिपाणी ऐकत बसतो. काकूंकडे कारभार उलटा. पलीकडचा माणूस "मॅडम, आपकी असुविधा के लिए" इथवर आला की काकू म्हणतात, "एक मिनट लाइन पे रहो भैया, मेरा वरण उतू जा रहा है." आणि फोन ओट्यावर कुकरच्या शेजारी ठेवून देतात. मी एकदा विचारलं, "काकू, त्याला कुकरशेजारी कशाला ठेवलं?" तर म्हणाल्या, "त्याले म्युझिक नको का गा?"

तीन शिट्ट्या झाल्या. गॅस बंद करून काकूंनी पदराला हात पुसले आणि फोन उचलला. तो बिचारा होता अजून लाइनवर.

नागपुरात मानेवाड्याकडच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, काकूंचं घर माझ्या घराला लागून आहे. मध्ये कमरेएवढी भिंत. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉलच्या जमान्यातल्या. निवृत्त होऊन जमाना झाला, पण काकू अजून स्विचबोर्डवरून उठलेल्या नाहीत. एक्स्चेंजमध्ये फोनवरच्या माणसाला 'पार्टी' म्हणत, तसा त्यांच्या लेखी जगातला प्रत्येक माणूस 'पार्टी' आहे. भाजीवाला आला की "पार्टी फाटकावर हाये." पाहुणे जेवायला बसले की "पार्टी जेवून राहिली." माझ्या मुलीला पाहायला मंडळी आली होती, तेव्हा त्यांनी भिंतीवरून विचारलं, "काहून गा प्रकाश, पार्टी कनेक्ट झाली का?" मंडळी ओसरीतच बसली होती. त्यांनी ते ऐकलं, आणि ती पार्टी काही कनेक्ट झाली नाही.

काकूंचं दुसरं आवडतं वाक्य म्हणजे "जाऊ काहून द्याचं?" मी जन्माचा जाऊ-द्या-वाला. हॉटेलात भाजीत केस निघाला तर तो बाजूला करून जेवण पुरं करतो. मागवलेली वस्तू उशिरा आली तर आली यातच समाधान मानतो. मी "जाऊ द्या ना काकू" म्हटलं रे म्हटलं की भिंतीपलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "जाऊ काहून द्याचं? तारीख त्यानं देली, का मी मांगली होती?"

एका मे महिन्यात त्यांनी कूलरचा पंप मागवला होता. नागपूरचा मे म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. पंप आला मिरग लागल्यावर, पाऊस सुरू झाल्यावर. काकूंनी खोकं उघडलंसुद्धा नाही. फोनवर कडाडल्या, "आता या पंपानं मी काय धानाचं रोवणं करू?" वेळेवर न आलेला माल नाकारायचा हक्क आहे, हे त्यांनी फोनवरच्या पोरीला समजावून सांगितलं, पंप परत पाठवला आणि पैसे मिळवले. मात्र खोकं न्यायला आलेल्या माणसाला आधी माठातलं पाणी दिलं, मग वर गुळाचा खडा. "याच्यावर काहून तापायचं? थो तं उन्हात फिरून राहिला. तारीख देणारा एसीत बसला हाये."

आता उमाठे काकांबद्दल सांगायला हवं. काकांनी सगळी उमर इतवारीत भांड्यांच्या दुकानात उभ्यानं काढली. बसायला स्टूल दिलं तरी बसायचे नाहीत. म्हणायचे, बसलेल्या माणसाजवळ गिऱ्हाईक येत नाही. आणि त्याच माणसाला अर्धांगवायूनं खाटेवर आडवं केलं. पाय गेले, आणि आठवणीचंही काही खरं राहिलं नाही. दिवसभर मागच्या खोलीतून त्यांची हाक येते, "कुसुम, हायेस का वं घरी?" आणि काकू असतील तिथून, हातातलं काम न सोडता, उत्तर देतात, "हाओ जी, घरीच हाओ. कुठी जाईन?" हे सवालजबाब इतक्यांदा होतात की आमच्या घरात ते कुणाला ऐकूसुद्धा येत नाहीत. आमच्याकडे आलेले पाहुणे मात्र दचकतात.

काकांना बाकी जगाचा विसर पडला, पण मौद्याची सोनू पक्की आठवते. सोनू त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. कॉलेजसाठी नागपूरला आली ती यांच्याकडेच राहिली. या दोघांना मूलबाळ नाही. तेव्हा सोनू त्यांची कोण, हे मी सांगत बसत नाही. तिचं लग्न मौद्याला ठरलं आणि काकांनी नवीन प्रश्न सुरू केला, "सोनूचं लग्न झालं का वं?"

जायचं तर होतंच. पण कसं? मी म्हटलं, चौघं मिळून खुर्चीसकट उचलून गाडीत बसवू. काका त्या दिवशी नेमके भानावर होते. म्हणाले, "चार जणांनी उचलाले मी अजून मेलो नाई." विषय संपला.

म्हणून काकूंनी चाकाची खुर्ची मागवली. ऑनलाइन, घडी होणारी, गाडीच्या डिक्कीत मावणारी. लग्नाच्या दोन दिवस आधीची तारीख कंपनीनं दिली होती. काकूंनी काकांना फोनवर फोटो दाखवला. काकांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "घे. पण मी नवरदेवाजवळ बसीन, मांगं नाई."

तारीख आली. काकू सकाळपासून पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसल्या. मेथी निवडली, शेंगा फोडल्या, सगळं तिथंच. संध्याकाळी फोनवर संदेश आला, "डिलिव्हरीचा प्रयत्न केला. ग्राहक घरी नव्हते."

काकूंनी तो संदेश मला भिंतीवरून वाचून दाखवला. मग परत वाचला. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "प्रकाश, मी घरी नव्हती म्हंते."

दुसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, बर्डीच्या बाजारात जाऊन दुकानातून आणतो. पण कंपनीचा फोन आला की उद्या नक्की, वरून सांगितलंय, काळजी करू नका. उद्या म्हणजे लग्नाचाच दिवस, पण मुहूर्त गोरजाचा होता. दुपारपर्यंत खुर्ची आली तरी मौदा गाठता आलं असतं. काकूंनी विश्वास ठेवला. एक्स्चेंजमधल्या माणसाला 'वरून सांगितलंय' या शब्दांचा धाक असतो.

त्या दिवशी काकू जांभळी पैठणी नेसून पोर्चमध्ये बसल्या होत्या. आत काकांना पांढरा सदरा घालून, टोपी घालून बसवलं होतं. मी गाडी फाटकापाशी लावली होती. दुपार झाली, ऊन कललं. मग संदेश आला. ग्राहक वारंवार घरी नसल्यामुळे ऑर्डर रद्द करण्यात आली आहे.

घंटी वाजली नव्हती. फाटक हललं नव्हतं. मी स्वतः गाडीत बसून होतो, माझ्या डोळ्यांसमोरून एक कुत्रंसुद्धा त्या घरात गेलं नाही. काकूंनी आत जाऊन काकांच्या डोक्यावरची टोपी काढली. काका म्हणाले, "झालं का वं लग्न?" काकू म्हणाल्या, "झालं जी. मस्त झालं." मला तिथं उभं राहवलं नाही. मी रागानं गाडी घरात घेतली आणि कठड्याला घासली.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. पैसे परत करतो, वरून खरेदीचं कूपन देतो. मी असतो तर दोन्ही घेऊन गप्प बसलो असतो. काकू म्हणाल्या, "पैसे तं तुमाले द्याच लागतेत, त्यात काय उपकार? मले खुर्ची पाह्यजे. आन् थे लिहून ठेवलं ना, ग्राहक घरी नव्हते, थे पुसा." पलीकडून सांगितलं की सिस्टिममधली नोंद बदलता येत नाही. "मंग सिस्टिमले लाइनवर घ्या," काकू म्हणाल्या.

ती एक ओळ काकूंना इतकी का झोंबली, ते त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. ट्रंक कॉलच्या काळात पीपी नावाचा कॉल असायचा, म्हणजे ठरावीक माणसाच्याच नावानं बुक केलेला. दुसऱ्या कुणी उचलला तर उपयोग नाही, तोच माणूस लाइनवर आणायचा. लोक कुणाच्या आजारपणाचा, कुणाच्या मयतीचा निरोप द्यायला असे कॉल लावत. काकू पलीकडच्या गावच्या पोस्टमास्तरला गळ घालून माणसाला पार वावरातून बोलावून आणायला लावायच्या. "आन् घंटी न वाजवता 'पार्टी नाई' म्हनलं तं आमच्यात त्या पोरीशी कोणी डब्बा खाये नाई. साहेबाच्या मेमोचं सोड, डब्बा खाये नाई. पार्टी हाये का नाई, थे पाह्याशिवाय सांगाचंच नाई गा. तिकडं कोणीतरी ताटकळून राहते."

मी म्हटलं, "काकू, मोठी कंपनी आहे. जाऊ द्या." चूक झाली.

काकूंनी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. असा अधिकारी ठेवणं आणि त्याचं नाव जाहीर करणं कायद्यानं भाग आहे, हे त्यांना पाठ होतं. त्याचं एक गुळमुळीत उत्तर आलं. मग ग्राहक हेल्पलाइन. तिथं कंपनीनं पुन्हा कूपन दाखवलं. मग काकूंनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार लावली. कंपनी कुठलीही असो, आपण राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, वकील नसला तरी चालतो आणि घरबसल्या व्हिडिओवर हजर राहता येतं. घरबसल्या या शब्दावर काकू खूश झाल्या. माझा लॅपटॉप, माझं इंटरनेट आणि हमाल म्हणून मी.

सुनावणीला काकू त्याच पैठणीत बसल्या. पडद्यावर अध्यक्ष मॅडम, एका चौकोनात कंपनीचे वकीलसाहेब, टाय लावून. ते म्हणाले, आमच्या नोंदीप्रमाणे आमचा प्रतिनिधी तीनदा गेला आणि तिन्ही वेळा ग्राहक घरी नव्हत्या. मॅडमनी विचारलं, "उमाठेबाई, आपण घरी होतात याला काही आधार आहे?"

काकूंनी तोंड उघडलं. पीपी कॉलचं सगळं त्या सांगणार, हे मला त्यांच्या मानेवरूनच कळलं. तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली.

"कुसुम, हायेस का वं घरी?"

मी माइक बंद करायला धडपडलो. काकूंना माइकचं भान नव्हतं. पडद्यावरची नजर न हलवता, रोजच्याच आवाजात त्या म्हणाल्या, "हाओ जी, घरीच हाओ. कुठी जाईन?"

मग मॅडमनी विचारलं, "हे कोण?"

"माही पार्टी हाये, मॅडम," काकू म्हणाल्या. "पाय गेले त्याईचे. मी दिसली नाई तं घाबरतेत, दिवसभर विचारतेत. म्हून मी भाजीपन फाटकावरच घेतो. कोनाच्या लग्नाले नाई गेली, कोनाच्या मयतीले नाई गेली. इतके वर्सं झाले, मी घरीच हाओ, मॅडम. आन् हे म्हंतेत, घरी नव्हती."

ऑपरेटरचा तो करडा आवाज शेवटच्या शब्दावर फाटला. एवढी वर्षं ती हाक मी भिंतीपलीकडून ऐकत होतो, आणि ती बाई त्या घरातून बाहेर पडलेलीच नाही, हे मला कधी सुचलं नव्हतं. मॅडम वकीलसाहेबांकडे वळल्या. "घंटी वाजवल्याची काही नोंद आहे तुमच्याकडे? एखादा फोन केलेला?" वकीलसाहेबांनी टाय सैल केला आणि पुढची तारीख मागितली.

पुढची तारीख लागलीच नाही. त्याआधीच कंपनीनं तडजोड केली. खुर्ची पाठवतो, नुकसानभरपाई देतो आणि कंपनीच्या कागदावर लिहून देतो की तिन्ही दिवशी ग्राहक घरी होत्या. नुकसानभरपाई किती ते काकूंनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते पत्र मात्र त्यांनी साऱ्या लेआउटला दाखवलं.

खुर्ची घेऊन आलेल्या माणसाला काकूंनी फाटकातच थांबवलं. "भाऊ, नीट पाहून घ्या. मी घरी हाओ का?"

तो गोंधळला. "हाओ जी."

"मंग लिहा तसं," म्हणाल्या, आणि त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. मागून गूळ.

रविवारी सोनू आणि तिचा नवरा गाडी घेऊन न्यायला आले. काका खुर्चीवर बसून फाटकापर्यंत आले तेव्हा लेआउटमधले लोक बाहेर येऊन पाहत होते, आणि काका दोन्ही बाजूंना नमस्कार करत होते. जावयाला म्हणाले, "मी नवरदेवाजवळ बसनार," आणि पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसले. काकू दाराला कुलूप लावायला गेल्या तर कुलूप बसेना. वापरच नव्हता. मी घरून तेल आणून दोन थेंब सोडले, तेव्हा किल्ली फिरली. काकूंनी कुलूप ओढून पाहिलं, मग पुन्हा ओढून पाहिलं.

गाडीत बसता बसता त्या मला म्हणाल्या, "प्रकाश, कोणी आलं तं सांगजो गा, घरी नाई म्हून."

कोण येणार होतं? त्या दिवशी कुणी यायचं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. तरी मी म्हटलं, "सांगतो काकू."

दुपारी गॅसवाला आला. त्यानं काकूंच्या दाराची घंटी वाजवली, थोडं थांबून परत वाजवली. दोन्ही वेळा मी ऐकली. मग तो भिंतीशी आला. "उमाठे बाई नाईत का जी? त्या तं कवाबी असतेत."

"नाईत," मी म्हटलं. "मौद्याले गेले. दोघंबी."

"मंग काय लिहू? ग्राहक घरी नाई?"

"लिहा ना भाऊ," मी म्हटलं. "चांगलं मोठ्या अक्षरात लिहा."