पान दोनशे बारा

समाजाची प्रगती तो किती वाचतो यावर नव्हे, तर वाचलेल्यावर किती बोलतो यावर ठरत असते. वाचणारा माणूस कोपऱ्यात बसलेला असतो आणि त्याचा कुणाला दिसेल असा उपयोग नसतो. बोलणारा मात्र सर्वांना दिसतो. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आम्हा कर्मचाऱ्यांना हे लगेच उमगलं, आणि त्याबद्दल मला आजही जिल्ह्याचा अभिमान वाटतो.

जिल्हा झाला ब्याऐंशी साली. उस्मानाबादेहून कागदांचे गठ्ठे आले, कपाटं आली आणि त्यांच्यामागून माणसं आली. मी, शेषेराव, अहमदपूर तालुक्यातला. एका कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो आणि गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेऊन पत्नी तारामतीसह राहू लागलो. नव्या जिल्ह्याला लागणाऱ्या गोष्टी एकेक करून मंजूर होत होत्या. तिसऱ्या वर्षी जिल्हा वाचक मंडळ मंजूर झालं. (पाणीही मंजूर झालं होतं. ते यायचं राहिलं होतं.)

मंडळाची सभा दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयाच्या माडीवर भरत असे. प्रत्येक सभासदाने नुकत्याच वाचलेल्या कादंबरीवर सात मिनिटं अभिप्राय द्यायचा. बोलताना कादंबरी हातात असणं सक्तीचं होतं. प्रश्न विचारायला बंदी होती, कारण प्रश्नामुळे विचारणारा आणि सांगणारा असे दोघेही एकदमच उघडे पडत. चहा शेवटी मिळे. ग्रंथपाल वीरण्णा हे मंडळाचे चिटणीस. त्यांच्या पहिल्या वार्षिक अहवालानुसार वर्षभरात एकशे चौदा कादंबऱ्यांवर अभिप्राय आले. वाचनालयात त्या वेळी कादंबऱ्या एकसष्ट होत्या. या आकड्यांबद्दल सभेने टाळ्या वाजवून समाधान व्यक्त केलं.

माझ्या वाचनाच्या सवयी मी कधी कुणापासून लपवलेल्या नाहीत. कुणी विचारल्याच नाहीत. कादंबरी हाती आली की मी आधी मुखपृष्ठ पाहतो. मग मलपृष्ठ. मग अर्पणपत्रिका, म्हणजे लेखकाचं कोणाशी बरं आहे ते कळतं. त्यानंतर पहिली अठरा पानं, आणि एकदम शेवटची दोन. अठरा पानांत लेखकाची भाषा समजते, शेवटच्या दोन पानांत कोण गेलं आणि कोण राहिलं ते समजतं. मधला भाग हा लेखकाचा खासगी मामला असतो, त्यात सभ्य माणसाने डोकावू नये. (अठराव्या पानावर मला झोप येते, हे कारण त्यामानाने दुय्यम आहे.) एवढ्या सामग्रीवर मी वर्षभर 'कादंबरी अंतर्मुख करते' असं सांगत आलो होतो आणि कुणाची तक्रार नव्हती.

मग पाऊस सलग दुसऱ्या वर्षी आला नाही. होते ते जुने नळही कोरडे पडले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टँकर सुरू झाला. तो सकाळी अकरा ते दुपारी चार यांच्या दरम्यान केव्हाही येई. घरटी चार घागरी. घागरी सोडून गेलं तर नंबर जाई, म्हणून बाया लिंबाखाली घागरींजवळ बसून राहत. तारामती सातवी पास. एक दिवस तिने बसल्या बसल्या चाळायला म्हणून माझ्या उशाची कादंबरी नेली. मी अठराव्या पानावर होतो, त्यामुळे माझी हरकत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने ती संपवली.

संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "त्या बाईला लेखकानं उगंच मारलं बघा. तिनं पुढं काय करावं ते त्यालाच सुचलं न्हाई."

पुढच्या रविवारी मी सभेत म्हणालो, "नायिकेचा मृत्यू ही कथानकाची गरज नसून लेखकाच्या कल्पनाशक्तीला आलेला थकवा आहे."  वीरण्णांनी ते वाक्य इतिवृत्तात घेण्यासाठी मला दोनदा म्हणायला लावलं.

तिथून माझा उत्कर्ष सुरू झाला. तारामतीने एकामागून एक कादंबऱ्यांचा फडशा पाडला. रांगेत तिच्या शेजारी कोंडाबाई बसत. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून तारामती मोठ्याने वाचू लागली आणि बाकीच्या बाया घागरी सरकवून जवळ आल्या. एका गाजलेल्या कादंबरीची शंभर पानं ऐकल्यावर कोंडाबाईंनी विचारलं, "ही मानसं कामाला कवा जातेत?" मी सभेत हे 'पात्रांच्या आर्थिक जीवनाविषयी लेखकाने पाळलेलं मौन' या शब्दांत मांडलं. माझ्या निरीक्षणानुसार एका घागरीमागे सरासरी बावीस पानं वाचून होत. टँकर उशिरा आला तर चाळीस. आलाच नाही तर सबंध प्रकरण. दुष्काळाने शेतीचं नुकसान होतं हे सर्वांना ठाऊक आहे, पण साहित्य समीक्षेला तो किती मानवतो याची नोंद कुठल्याही पाहणीत झालेली नाही.

एकच अडचण होती. माझ्याच कचेरीतले भुजंगराव हेही मंडळाचे सभासद, आणि त्यांच्या पत्नी साखराबाई त्याच रांगेत बसत. त्यामुळे आम्हा दोघांचे अभिप्राय शब्द सोडले तर एकच निघत. शेवटी मी आधी बोलावं आणि त्यांनी 'काही अंशी सहमत' म्हणावं असं आम्ही ठरवून घेतलं. अहवालात याची नोंद 'मंडळातील वैचारिक एकवाक्यता' अशी झाली.

शहाऐंशीच्या जानेवारीत मंडळाने 'जिल्ह्यातील आदर्श वाचक' निवडायचं ठरवलं. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल अशा तीन सभांतले अभिप्राय ऐकून एप्रिलच्या सभेत निवड व्हायची होती. शाल आणि श्रीफळ. माझं नाव आघाडीवर असल्याचं वीरण्णांनी खासगीत सांगितलं. आयुष्यात मला शाल कधी मिळाली नव्हती. खरं सांगायचं तर कशातच पहिला नंबर आला नव्हता, आणि ती शाल मला फार हवी होती.

तीन फेब्रुवारीला नव्या सरकारी वसाहतीतलं एक क्वार्टर माझ्या नावे झाल्याचा हुकूम हातात पडला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि वसाहतीच्या स्वतःच्या बोअरचं पाणी, थेट नळाला. ताबा तीन महिन्यांच्या आत घेणे, न घेतल्यास प्रतीक्षा यादीतील पुढील कर्मचाऱ्यास देण्यात येईल. तारामतीने या क्वार्टरसाठी तीन वर्षं वाट पाहिली होती. पाणी वाहून वाहून तिचा उजवा खांदा वर होत नसे.

मी प्रकरणाचा साधकबाधक विचार केला. नळ आला की रांग जाणार. रांग गेली की तारामतीच्या दिवसातले पाच तास घरकामात विरून जाणार. पाच तास गेले की माझ्याकडे अठरा पानं उरणार. अशा परिस्थितीत शाल घेऊन मग ताबा घेणं हेच प्रशासनाच्या दृष्टीने योग्य ठरत होतं. एप्रिलची सभा सत्तावीस तारखेला, मुदत तीन मेपर्यंत. मध्ये सहा दिवस मोकळे होते. त्याला मी 'पत्नीला आनंदाचा धक्का देणे' असं नाव दिलं आणि माझं मन निर्धास्त झालं.

प्रश्न राहिला हुकूम ठेवण्याचा. कचेरीतला खण भुजंगराव आणि मी मिळून वापरत होतो, आणि प्रतीक्षा यादीत माझ्यामागे तेच होते. घरातलं कपाट तारामती आवरी. शेवटी मला एक अशी जागा सुचली की जिथे आजवर माणूस पोचलेला नव्हता. माझ्याकडे एक चारशे ऐंशी पानांची कादंबरी होती. मलपृष्ठावरच ती 'संयमी वाचकांसाठी' असल्याचं छापलं होतं. हुकुमाची घडी मी तिच्या दोनशे बाराव्या पानात घातली, कादंबरी पेटाऱ्यावर ठेवली आणि तारामतीला सांगितलं की ही फार कंटाळवाणी आहे.

फेब्रुवारीची सभा मी जिंकली. मार्चचीही. एप्रिलमध्ये बड्या पाहुण्यांचा दुष्काळी दौरा लागला, साऱ्या कचेऱ्यांना रविवारी हजर राहण्याचा आदेश निघाला आणि सभा अकरा मेवर गेली. मी चिंता केली नाही. सरकारी मुदत म्हणजे काय हे मी आत बसून पाहत होतो. जुन्या जिल्ह्यात असा कागद वर्षभर कुणी उलटून पाहिला नसता. पण जिल्हा नवा होता आणि माणसं हौशी होती. चार मेच्या सकाळी, रविवार असूनही, माझं वाटप रद्द झालं, पाच तारखेला क्वार्टर भुजंगरावांना मिळालं आणि सहा तारखेला त्यांनी कचेरीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले. घरी काहीच सांगितलं नाही.

सात तारखेला मी दुपारच्या सुट्टीत घरी येत होतो. लिंबाखाली बाया बसल्या होत्या, पण वाचनाचा आवाज नव्हता. तारामतीच्या मांडीवर ती जाडी कादंबरी होती. वाचनालयातली सगळी पुस्तकं संपल्यावर तिने पेटाऱ्यावरची काढली होती. तिने हुकूम माझ्यापुढे धरला. क्वार्टर कोणाला गेलं हे तिला साखराबाईंकडून आदल्या दिवशीच कळलेलं होतं. फक्त ते आधी कोणाचं होतं, एवढंच ठाऊक नव्हतं.

ती ओरडली नाही. म्हणाली, "कागद दिसला तवा आदी मला लई बरं वाटलं. म्हनलं, खूण घातलीय. तुमी दोनशे बारा पानापत्तर आलते."

कोंडाबाईंनी मान फिरवली. मला लाज वाटली. हे वाक्य उपरोधाने लिहिलेलं नाही.

त्यानंतर चार दिवस तारामती माझ्याशी कामापुरतं बोलली. त्या कामांत कादंबरी येत नव्हती. अकरा मेला मी हातात ती जाडी कादंबरी धरून माडीवर उभा राहिलो. सात मिनिटं समोर होती आणि डोक्यात काही नव्हतं. मी म्हणालो, "मी ही कादंबरी वाचलेली नाही," आणि खाली बसलो.

 मग टाळ्या पडल्या. चारशे ऐंशी पानांचा डोलारा एका वाक्यात कोसळवणारा असा निर्भीड अभिप्राय मंडळाने आजवर ऐकला नव्हता, असं वीरण्णांनी सांगितलं. भुजंगराव माझ्यानंतर उठले. साखराबाई वसाहतीत गेल्याला पाच दिवस झाले होते आणि त्यांच्याकडे सहमत होण्यापुरतंही काही नव्हतं, तेव्हा ते 'कादंबरी अंतर्मुख करते' एवढंच बोलले. निवड एकमताने झाली. शाल लोकरीची होती. बाहेर बेचाळीस अंश तापमान होतं.

शाल खांद्यावर घेऊन मी गल्लीत आलो. टँकर आलेला नव्हता. तारामती उठली, चारही घागरी माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाली, "बसा. मी जराशी आडवी हुते. खांदा दुखून राहिलाय." मी बसलो. तेव्हापासून रोज दुपारी अर्ध्या रजेचा अर्ज देऊन मीच बसतो आहे. (रजा शिल्लक आहेत, आजारी मी कधी पडत नसे.) कादंबरी सोबत असते. बाया मोठ्याने वाचायला सांगतात. काल मी चोविसाव्या पानापर्यंत गेलो आणि कोंडाबाईंनी विचारलं की तुम्ही वाचताना इतकं थांबता का. मी सांगितलं की पुढचं मला ठाऊक नाही.

तारामती घरी झोपते किंवा वाचते. काय वाचते ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

आपण ही कथा शांतपणे, मध्ये न उठता, इथवर वाचत आलात. वाचनाची आवड असावी तर अशी. आपल्याला पंधरा मिनिटं लागली असतील आणि कथेवर आपलं मतही तयार झालं असेल. ते अवश्य कळवा. फक्त एवढ्या वेळात आपल्या घरात पाणी कोणी भरून ठेवलं, ते जरा आत जाऊन आधी पाहून या.