घर बोललं पायजे
भरघोस मिशांचा एक धिप्पाड माणूस खाकी हाफपँट घालून दुसऱ्याच्या दारात उकिडवा बसलाय, रांगोळी काढतोय आणि मधूनच त्या बंद दाराला खणखणीत आवाजात विचारतोय, "काय सावंत, झाला का चहा?" आत सावंत नाहीत. सावंत मुंबईला भावाकडे गेलेत. पिंपरीच्या चाळीत आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच सकाळी मी हे पाहिलं आणि बायकोला म्हणालो, "सामान सोडू नकोस."

हे गेनूनाना. खेडकडचे, पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शन घेऊन आलेले, आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. कारखाना तेव्हा नुकता उभा राहिला होता आणि चाळीत सगळे बाहेरगावचे. सणाला, लग्नाला जो तो गावी पळायचा आणि मागे भांडीकुंडी चोरांच्या हवाली. पलीकडच्या चाळीतल्या बंद खोल्या तर पाण्याच्या बंबासकट धुऊन नेल्या होत्या. आमच्याकडे मात्र चमचा हलला नाही. ही सगळी नानांची कर्तबगारी.

नानांचं एकच म्हणणं, "घर बोललं पायजे. मुकं घर चोराला लांबून कळतंय." म्हणून गावी जाणाऱ्याने पुढच्या दाराला आतून कडी घालायची, मागच्या मोरीच्या दाराने बाहेर पडायचं आणि कुलूप तिकडे ठोकायचं. लग्नाला निघालेली नटलेली माणसं ट्रंका घेऊन मोरीतून निसटताना खरं तर तीच चोर वाटायची. मग रोज सकाळी नाना त्या दारात सडा घालणार, रांगोळी काढणार (ठिपके असे रांगेत ताठ, की जणू कुणी 'सावधान' म्हटलंय), दोरीवर एखादं ओलं धोतर टाकणार आणि येता-जाता दाराशी गप्पा मारणार.

एकदा सावंतांचे सासरे न कळवता चिपळूणहून आले. दाराला आतून कडी, पुढ्यात ताजी रांगोळी, दोरीवर ओलं धोतर, आणि शेजारचा माणूस दाराला म्हणतोय, "आज मासळीचा वास न्हाई आला, राव!" जावई आत असून दार उघडत नाही, अशी म्हाताऱ्याची खात्रीच पटली. बिचारे ऊन कलेपर्यंत पायरीवर बसले आणि आणलेला फणस तिथेच टाकून तणतणत परत गेले.

"सांगायचंत तरी, नाना!" सावंत नंतर कळवळून म्हणाले.

"पाव्हणा का चोर, कपाळावर लिवलंय व्हय? चोरबी फणस आनंल की!"

पुढे दिवाळीत आमची पाळी आली. माझ्या बायकोचा जीव तिच्या शिवणाच्या मशीनमध्ये. माझ्या पगाराने महिना ओढत न्यायचा आणि त्या मशीनने तो तडीला लावायचा, अशी आमची वाटणी होती. ती ते मशीन गावी बरोबर न्यायच्याच बेतात होती. नाना म्हणाले, "सूनबाई, मशीन हितंच ऱ्हाऊ द्या. म्या हाय."

आम्ही परत आल्यावर सावंतांनी हकीकत सांगितली. चाळीत एक कल्हईवाला शिरला होता. पाठीला पोतं, पण विस्तव फुलवायचा भाता नाही. तो आमच्या दाराला कान लावतोय तोच नाना येऊन पायरीवर बसले. "सूनबाई, सदरा झाला का माझा? बटनं ऱ्हायली? होऊ द्या सावकाश. आन् आमचे पैलवान उठले का? जरा भायेर धाडा!" पैलवान म्हणजे मी. माझी तब्येत न बघताच कल्हईवाला रेल्वेच्या रुळांच्या दिशेने पसार झाला. चाळीत नानांना सगळ्यात जास्त हसायची ती माझी बायको. तिने त्या दिवशी खरोखरच त्यांचा सदरा शिवायला घेतला.

नानांच्या स्वतःच्या दोरीवर मात्र बारा महिने एक हिरवं लुगडं वाळत असायचं. बरेच दिवस आम्हाला वाटायचं, आत नानी आहेत. "घरात बाईमाणूस हाय म्हटलं की चोर बिचकतोय," नाना सांगायचे. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांची पुटपुट ऐकू यायची, ती मी जप समजत होतो. नानी कधीच वारल्या होत्या. तेव्हा नाना पलटणीत होते. रजा मिळून गावी पोचले, तर दाराला कुलूप.

मग नानांना मोतीबिंदू काढायला पुण्याला जावं लागलं. चाळीत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं घर मुकं राहणार होतं आणि हा लढाई पाहिलेला माणूस लहान मुलासारखा कावराबावरा झाला. बायकोला पुनःपुन्हा सांगत होते, "लुगडं सावलीत वाळवा, रंग जातोय. रांगोळी काढा. आन् बोला."

बायकोने त्यांच्याच थाटात दाराला हाक दिली, "काय नानी, झाला का चहाऽऽ?"

नाना एकदम पुढे आले. "न्हाई, न्हाई. येवढ्या मोठ्यानं नगं. तिला मोठ्यानं बोललेलं खपत न्हाई."

बायको हळू आवाजात "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चाळीतल्या बाकीच्या बंद दारांना अशा हाका घातल्या, की अख्खी चाळ जागी झाली. नानांच्या दारात तिने रांगोळी पुरी केली, लुगडं सावलीला सरकवलं आणि उंबऱ्याशी टेकून बसली. ती नानींशी बोलत होती. मी हाताच्या अंतरावर उभा होतो, पण काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.