पालवांच्या मोटारीची खरी हकीकत

दर रविवारी दुपारी चार वाजता पालव पतिपत्नी प्रवासाला निघत आणि सहा वाजता, गाडी तसूभरही न हलवता, परत येत. पालव इस्त्रीच्या शर्टात. वहिनी ठेवणीतल्या पातळात, केसांत अबोलीचा वळेसर, हातात चहाचा थर्मास. तिसऱ्या मजल्यावरून उतरायचं, इमारतीमागे बदामाखाली उभ्या असलेल्या मोटारीत चढायचं, दार लावायचं, पडदे ओढायचे आणि इंजिन सुरू करायचं. सहा वाजता खाली उतरले की गॅलरीतून कुणीतरी विचारी, "काय पालव, आज कुठवर?" पालव गंभीरपणे सांगत, "कसारा चढलो. इंजिन जरा तापलंय."

हे दृश्य डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीने वर्षानुवर्षं पाहिलं, हे मला मान्य आहे. परंतु सोसायटीच्या स्मरणिकेत नेन्यांनी पालवांवर जो लेख लिहिला आहे, त्यातलं बाकी काहीही मला मान्य नाही. नेने लिहितात की पालवांना त्या डबड्यातून काश्मीरला जायचं होतं. ती गाडी कधी धड चाललीच नाही. आणि मुखदुर्बळ पालववहिनींना नवऱ्याचं हे खूळ मुकाट्याने सोसावं लागलं. तिन्ही विधानं चूक आहेत. तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. नेने त्या काळात इमारतीत राहत होते, एवढाच त्यांचा या विषयाशी संबंध.

गाडीपासून सुरुवात करतो. ते डबडं नव्हतं. मुंबईच्या एका शेठजींनी तीर्थयात्रेसाठी मुद्दाम बांधून घेतलेली ती मोटार होती. लहान ट्रकच्या सांगाड्यावर सागवानी चौकट, वरून पत्रा, आत समोरासमोर दोन बाकं. बाकं जोडली की पलंग होई. घडीचं टेबल, बाकाखाली पाण्याची टाकी, तिला पितळी हातपंप, स्टोव्हसाठी एक कोनाडा आणि देवांसाठी एक. चाकांवरचं बिऱ्हाडच ते. शेठजी गेले, मुलं विमानाने यात्रा करू लागली आणि मोटार घोडबंदर रस्त्यावरच्या एका गॅरेजमागे झाडोऱ्यात पडून राहिली. त्या रस्त्यावर तेव्हा दिवेलागणीनंतर चिटपाखरू नसे. आजच्या टॉवरवाल्यांना हे पटायचं नाही, न पटो.

पालव कल्याणजवळ मोहन्याच्या कारखान्यात फिटर होते. ट्रकला बांधून ती मोटार त्यांनी आवारात आणली, तेव्हा तिच्या छपरात पिंपळाचं रोप डोलत होतं. मी रीतसर खुलासा मागितला. पालव म्हणाले, "साहेब, सांगाडा शाबूत आहे. बाकी सगळं वरवरचं."

त्या वरवरच्याला तीन वर्षं लागली. दाराखालची कुजलेली चौकट कापून त्यांनी नवी सागवानी पट्टी सांधली. पत्र्याचा गंज खरवडला, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरला, तांबडा प्रायमर मारला. छपरावर कॅनव्हास ताणून त्यावर रंगाचे तीन हात दिले. कार्बोरेटर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आला. तो भलत्याच गाडीचा होता, म्हणून त्याला जुळणारा तुकडा पालवांनी स्वतः घडवला. गंजलेला नट दिसला की ते त्यावर रॉकेल सोडत आणि शेजारी उकिडवे बसून राहत. "जोर नाही लावायचा, साहेब. पटवायचं." एक नट त्यांनी मंगळवारपासून शनिवारपर्यंत पटवला.

नेने तिथे उभे होते. म्हणाले, "पालव, बायकोला तरी इतकं पटवलंत का कधी?"

पालव हसले नाहीत. "तिला कुठे जागा होती," एवढंच म्हणाले. उत्तर असंबद्ध आहे, असं नेन्यांना वाटलं. खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं.

सर्वांत अधिक मेहनत त्यांनी दारावर घेतली. कडांना रबरी पट्ट्या, आतल्या अंगाला जाड जाजम, खिडक्यांना दुहेरी काचा. प्रवासात धूळ येऊ नये म्हणून, असा आम्ही सर्वांनी अर्थ लावला.

मग ते रविवार सुरू झाले आणि त्यांच्यामागोमाग तक्रारी. इंजिनाचा आवाज होतो. वास्तविक पालवांनी धुराचा पाइप वाढवून कुंपणाबाहेर काढला होता. परंतु आवाज होत होता, हे खरं. एका रविवारी मी समज देण्यासाठी खाली उतरलो. मोटारीपाशी पोहोचतो तोच इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. छपरातली हवेची झडप उघडी होती. तिच्यातून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"माझ्या भावाचं लग्न होतं! चार दिवस जाते म्हटलं, तर तुमच्या आई म्हणाल्या, पाणी कोण भरणार! आणि तुम्ही काय केलंत? चप्पल घातलीत आणि नाक्यावर गेलात! नाक्यावर!"

"हो," पालवांचा आवाज आला. "गेलो होतो."

"पान खाऊन आलात!"

"तेही खरं."

ज्या पालववहिनींच्या तोंडून जिन्यात 'बरं आहे' याखेरीज दुसरा शब्द आम्ही ऐकला नव्हता, त्याच या. नेन्यांच्या मुखदुर्बळ.

पालव हँडल मारायला उतरले आणि समोर मी. त्यांनी मला फाटकापाशी नेलं. "साहेब, दीड खोलीत आम्ही दहा माणसं. आई, दोघं भाऊ, भावजया, त्यांची पोरं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण तिला माझ्याशी एकदाही धड भांडता नाही आलं. तोंड उघडलं की सगळ्यांना ऐकू जाणार. राग आला की भांडी घासायची, ती पण आवाज न करता. गावाला जाताना एकदा एसटीत मला म्हणाली, मरायच्या आधी एकदा पोटभर भांडायचंय तुमच्याशी. तेव्हापासून जागा बघत होतो."

"आणि इंजिन?"

"ते बाहेरच्यांसाठी."

मी समज न देता वर आलो. त्या संध्याकाळी मी आमच्या सौभाग्यवतींना विचारलं, माझ्याविरुद्ध तुझी काही तक्रार आहे का? त्या म्हणाल्या, "आत्ता? कुकर लावलाय."

पुढच्या सर्वसाधारण सभेत नेन्यांनी ठराव आणला: मोटार बंद आहे, सबब भंगारात काढावी आणि तिथे पाण्याची टाकी बांधावी. मी उठलो. जे मला ठाऊक होतं ते मी उच्चारलं नाही. उभ्या गाडीत सभासदाने काय करावं, हे ठरवण्याचा अधिकार उपविधींत नाही, एवढाच मुद्दा मांडला. पालवांनी मला लाच म्हणून फेरी मारून आणली, असं नेन्यांनी सूचित केलं आहे. मी फेरी मारली, ती सभेच्या आदेशानुसार. गाडी चालती असल्यास राहील, नसल्यास जाईल, असं ठरलं आणि साक्षीदार म्हणून मला बसवण्यात आलं.

आम्ही कल्याणच्या दुर्गाडीपर्यंत गेलो आणि परत आलो. पत्रीपुलाजवळ मोटार बंद पडली, असं नेने लिहितात. बंद पडली नाही. थांबवली. मागच्या बाकावरून वहिनी काहीतरी बोलल्या, तशी पालवांनी गाडी कडेला घेतली. मला म्हणाले, "साहेब, जरा उतरता का? महत्त्वाचं आहे." मी उतरलो आणि रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभा राहिलो. काही वेळाने मला परत बोलावण्यात आलं. वहिनींचे डोळे लाल होते आणि पालव बाटलीतून रेडिएटरला पाणी पाजत होते. सभेला मी अहवाल दिला: गाडी उत्तम आहे.

पुढे पालवांच्या आई गेल्या. एक भाऊ दिव्याला राहायला गेला, दुसरा गावी परतला. दीड खोलीत दोघंच उरली. आता तरी मोटारीची गरज संपली, असा माझा तर्क होता. परंतु रविवार चुकला नाही. "घर काय भांडायची जागा आहे का?" असं वहिनींचं म्हणणं, हे मला पालवांनीच सांगितलं. पालव निवृत्त झाले होते. दर शनिवारी ते इंजिन दहा मिनिटं चालवत, बॅटरीत पाणी घालत आणि टायर एकाच अंगावर दबू नयेत म्हणून मोटार वीतभर पुढेमागे करत. रविवारी मात्र ते इंजिन सुरू करेनासे झाले होते.

मी कारण विचारलं. पालव माझ्या ओठांकडे पाहत राहिले. पुन्हा विचारलं. तेव्हा ते मला मोटारीमागे घेऊन गेले, तोंडाशी हात धरला आणि कारखान्याच्या खडखडाटात आयुष्य काढलेला माणूस जसं कुजबुजेल तसं कुजबुजले:

"साहेब, मला ऐकू येत नाही! दोन वर्षं झाली! तिला सांगू नका!"

बदामावरचे कावळे उडाले. तिसऱ्या मजल्यावर वहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

मी कानाकडे बोट दाखवून यंत्राची खूण केली. "नको! यंत्र लावलं तर तिला कळेल ना, इतके दिवस ऐकत नव्हतो! मी तोंडाकडे बघतो. इंजिन चालू असलं की सगळं हलतं, ओठ नीट दिसत नाहीत. ती सालवार बोलते. चेहऱ्यावरून कळतं मला, कुठल्या सालात आहे. आता बहात्तर चालू आहे!"

मी वर पाहिलं. दोरीवर टॉवेल होता, वहिनी नव्हत्या.

त्यानंतरच्या रविवारी मी बदामाखालून जात होतो. मुद्दाम गेलो, हा आरोप कुणी केला तर मी नाकारणार नाही. झडप उघडी होती. आतला आवाज चढलेला नव्हता.

"दत्ताराम," वहिनी म्हणाल्या.

आमच्या पिढीच्या वाचकांना समजावून सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. लग्नातला उखाणा सोडला तर त्या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, आणि अरेतुरे तर नाहीच. वहिनींनी ते नाव पुन्हा घेतलं, जिभेवर साखर ठेवून पाहावी तसं, आणि त्या हसल्या. "दत्ताराम, चहा गार झाला बघ तुझा." मग आणखी काही बोलल्या. ते मी ऐकलं. इथे लिहिणार नाही.

असे तीन-चार रविवार गेले. मग एका सकाळी पालवांनी मला आवारात गाठलं. चेहरा उतरलेला. "साहेब, ती हल्ली रागवत नाही! हसते! कुठलं साल आहे, तेच ओळखता येत नाही! तुम्ही बाहेर असता. काय बोलते ती? संपलं का तिचं सगळं?"

त्यांना काय वाटत होतं, ते मला कळलं. बाईची तक्रार संपली तर ती रविवारी खाली कशाला उतरेल?

गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या होत्या. खरं सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. कागदावर लिहून देता आलं असतं, हेही खरं. परंतु वहिनींनी ते नाव त्यांना ऐकू येत नाही म्हणूनच घेतलं होतं, आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचा अधिकार मला कुठल्याच उपविधीने दिलेला नव्हता. खोट्या हकीकतींशी आयुष्यभर भांडलेला मी, पालवांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो:

"त्रेसष्ट!"

पालवांनी बोटांवर मोजलं. "त्रेसष्ट? म्हणजे पुन्हा पहिल्यापासून धरलंय?"

मी मान डोलावली.

पालवांचा चेहरा सैलावला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तोंडाशी हात धरला आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा बेताने मला हळूच सांगितलं, "मग अजून बरीच वर्षं आहेत, साहेब."