पाठमोरा विद्यार्थी

"आजपासून मी केस रंगवणार नाही," बायकोने सकाळी चहा गाळता गाळता जाहीर केलं, आणि माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

तुम्ही म्हणाल, केस तिचे, निर्णय तिचा, तुमचं बिस्कीट का पडावं? तर आमच्या घरी रंगाची वाटी एकच. आधी तिचे केस, मग वाटीत जे उरेल त्यात माझं डोकं आणि मिशी. ती ब्रश फिरवायची, मी मान खाली घालून बसायचो. (लग्न झाल्यापासून ही सवय आहेच.) शिवाय ऑफिसात विषय निघाला की "बायको रंगवते हो, मला कुठली हौस," असं म्हणायची सोय होती. आता ती पांढरी झाल्यावर मी कोणाच्या आडून काळा राहणार?

"अगं, पण तू म्हातारी दिसशील," मी तिच्या काळजीने म्हणालो.

"दिसेन की. होतेच आहे."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाईंना अनुभव आहे."

बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. (मला गाडी येत नाही. तिने एकदा शिकवायला घेतलं होतं. ते फाटक आता दुरुस्त झालं आहे.) बघता बघता तिचे केस भांगापासून पांढरे होत गेले. काळी टोकं तिने कापून टाकली, मान ताठ करून हिंडायला लागली, आणि खरं सांगायचं तर फार छान दिसायला लागली. हे मी तिला सांगितलं नाही. माझाही रंग उडत चालला होता आणि मी घरात टोपी घालून बसत होतो.

मग शाळेच्या मालकांनी निवृत्त व्हायचं ठरवलं. कारभार बायकोच्या हाती द्यावा की आपल्या तरतरीत पुतण्याच्या, हे त्यांचं ठरत नव्हतं. दारावर नवा बोर्ड लागणार होता. त्यावर ज्याचा फोटो, तो प्रमुख.

"मॅडम, बोर्डावर तरुण चेहरा हवा. फोटोपुरते केस काळे करा, मग तुम्हीच," मालक म्हणाले.

"साहेब, हे केस तुमच्याच विद्यार्थ्यांनी पिकवलेत. लपवू कशाला?"

हे तिथलं झालं. घरी येऊन मात्र जेवताना एकदाच म्हणाली, "ती जागा मला हवी होती हो. मनापासून."

मला वाईट वाटलं. "मग रंगव ना! मी आत्ता वाटी आणतो," मी म्हणालो. (वाटी म्हणताना आवाज जरा जास्तच उत्साही लागला असावा.)

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "रंग तुम्हाला हवाय. तुम्ही लावा."

लावला! कारण फोटोत गाडी शिकणारा कुणीतरी हवा होता, खरे विद्यार्थी कामावर जाणार होते, आणि ऑफिसातही बिनकामाचा माणूस म्हणून सर्वानुमते माझं नाव पुढे आलं होतं. नुसतं स्टिअरिंग धरून बसायचं. इंजिन बंद. (ही अट बायकोची.) फोटोच्या दिवशी सकाळी मी बाथरूमची कडी लावली आणि आरशासमोर कपाळ, कानशिलं, मिशी सगळं रंगवून काढलं. आरशात एकही पांढरा केस शिल्लक दिसेना.

गाडी शाळेच्या आवारात उभी होती. मी मिशी नीट यावी म्हणून हनुवटी वर करून स्टिअरिंगवर बसलो. फोटोग्राफर मागच्या सीटवर चढला. हा कोन मला कुणी आधी सांगितला नव्हता. बायको रंगवायला तयार नाही म्हटल्यावर शेजारी, शिकवणाऱ्याच्या जागी, मालकांचा पुतण्या बसला.

"मालक, जमत नाहीये," मागून फोटोग्राफर म्हणाला. "आजोबा नातवाला शाळेत सोडायला चाललेत असं वाटतंय."

मी इकडेतिकडे पाहिलं. गाडीत आजोबा कुणी नव्हते.

"मॅडमना बसवून बघू," मालक नाइलाजाने म्हणाले. बायको पुतण्याच्या जागी बसली, मागे वळली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. मालकांनी फोटो पाहिला. पुन्हा पाहिला.

"हेच पाहिजे! ज्येष्ठांची बॅच काढू. या बाईंच्या शेजारी कुठलेही आजोबा निर्धास्त बसतील. ठरलं मॅडम, शाळा तुमची."

"पण कुठले आजोबा?" मी मागे वळून विचारलं.

फोटोग्राफर दचकला.

बायकोने पर्समधून छोटा आरसा काढून माझ्या डोक्यामागे धरला आणि गाडीचा आरसा माझ्याकडे वळवला. टाळूपासून मानेपर्यंत पांढरंशुभ्र! मागची बाजू आजवर तीच रंगवत आली होती.

"तुला सकाळीच दिसलं असेल ना?"

"दिसलं की."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हीही सोडायला घेतलंत. निदान मागून."

बोर्ड लागला. त्यावर पांढऱ्या केसांची बायको ऐटीत हसते आहे, खाली मोठ्या अक्षरांत 'प्रमुख प्रशिक्षक'. बघून मला अभिमान वाटतो, आणि हे मी तिला सांगितलंसुद्धा. माझी मिशी मात्र समोरच्या काचेकडे तोंड करून वाया गेली. ज्येष्ठांची बॅच भरली, त्यात बायकाच जास्त. मी अजून पुढून रंगवतो. मागून रंगवायला ती तयार नाही.

परवा मी तिचा डबा द्यायला गेलो, तर एक आजी चौकशीला आल्या होत्या. बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते पाठमोरे आजोबा शिकले का हो?" मग माझ्याकडे निरखून बघत, "हे त्यांचे चिरंजीव वाटतं?"

मी मिशीवरून हात फिरवला आणि छाती फुगवली.

"नाही हो," पावती फाडता फाडता बायको म्हणाली, "हे तेच. पुढून."