क्लेपॉनसाठी सोडलेली आंघोळ

आमची नात वेनिंग काही दिवसांसाठी सुराबाया शहरात निघाली आणि जाता जाता तिनं माझ्या गळ्यात एक कापडी पिशवी अडकवली. तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी पडलो सावकाश माणूस. (जन्मभर सायकलरिक्षा चालवली. घाईतली गिऱ्हाइकं मध्येच उतरून पायी जायची आणि माझ्या आधी पोचायची.) माझं 'नाही' ओठांवर येईपर्यंत समोरच्याची बस सुटलेली असते.

पिशवीत क्लेपॉन होती. क्लेपॉन म्हणजे खरं तर आमच्याकडचा गुळाचं सारण भरलेला लाडू. पण ही क्लेपॉन म्हणजे वेनिंगनं पाळलेली शुगर ग्लायडर. खारीएवढी, डोळे टपोरे, आणि अंगावरची कातडी अशी सैल की थोरल्या भावाचा सदरा घातलाय. ती कातडी ताणून ही बया झाडावरून झाडावर तरंगत जाते. तिच्या पाठीला तिचं पिल्लू चिकटलेलं होतं. माझ्या अंगठ्याएवढं, नुकतेच डोळे उघडलेलं.

"आजोबा, नीट ऐका," वेनिंग म्हणाली. "ही घाबरली तर पिल्लाला टाकून देते. आणि आईविना ते जगायचं नाही. तिला माणूस वासावरून कळतो. वास बदलू द्यायचा नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. (मला एखादी गोष्ट कळली की ती बिघडलीच म्हणून समजा.)

मी अंगणात बसून शांतपणे विचार केला. माणसाचा वास बदलतो कशानं? साबणानं. मग वेनिंग परत येईस्तोवर आंघोळ बंद!

दुसऱ्या एखाद्या मुलखात हे खपलंही असतं. आमच्या गल्लीत सकाळी एक नि संध्याकाळी एक अशा दोन आंघोळी म्हणजे माणुसकीची किमान पातळी. उन्हं कलली की रस्त्यात भेटणारा 'कसं काय' विचारतच नाही. तो विचारतो, "आंघोळ झाली का?"

पहिल्या दिवशी मी "हो" म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी "हो" म्हटलं, तर विचारणारा दोन पावलं मागं सरकून म्हणाला, "कुठं?"

माझी बायको लासियेम तर संसाराला लागल्यापासून आंघोळीचं टमरेल हातात घेऊनच वावरते. तिनं आधी दारं-खिडक्या उघडल्या. मग माझी चटई ओसरीवर नेऊन टाकली.

"अहो, त्या जनावराला वास ओळखीचा हवा ना? मग त्याला ओळख करून द्या. सहन कशाला करायला लावता?"

"पिल्लाच्या जिवाचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"माझ्या जिवाचं काय?"

क्लेपॉनचंही माझ्याशी काही जमेना. मी पिशवीत बोट घातलं की ती तेल न घातलेल्या साखळीसारखी टर्रर्र करायची. मी मनाशी म्हणालो, अजून वास मुरला नाही. लोणच्यालासुद्धा वेळ लागतो.

अशात शेजारचा जुमादी आला. नाकाला गमछा, पण डोळ्यांत भक्ती. दबक्या आवाजात म्हणाला, "पाक कार्सो, मला तरी सांगा. कसलं व्रत धरलंय?" (कार्सो म्हणजे मी. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला 'पाक' म्हणतात.)

आमच्याकडे जुनी माणसं अशी व्रतं धरतात. कुणी मीठ सोडतं, कुणी झोप सोडतं, आणि त्यातून म्हणे सिद्धी मिळते. मी मान हलवून म्हणालो, "अरे, व्रत कसलं? काही नाही."

"बरोबर," जुमादी म्हणाला. "खरं व्रत धरणारा कधी सांगत नाही."

मग त्यानं विचारलं, त्याचा हरवलेला कोंबडा कुठं असेल. मी म्हटलं, "असेल खुराड्यामागं, जातोय कुठं?" (कोंबडे आणखी जातात कुठं?) कोंबडा खुराड्यामागंच सापडला, आणि माझा सत्यानाश झाला.

कोंबडा सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीसमोर ही गर्दी! कुणाला मुलीच्या लग्नाचा दिवस काढून हवा, कुणाची शेळी दूध देईना. कुणी केळी आणली, कुणी पपई.

"अहो, मला काही येत नाही!" मी हात जोडून म्हणालो.

"किती नम्र!" मागून एक बाई कुजबुजली.

"वास बघा की," दुसरी म्हणाली. "असा वास साध्या माणसाला येतो का?"

तेवढ्यात जुमादीनं भक्तीच्या भरात निखाऱ्यावर ऊद टाकला आणि धुपाटणं थेट माझ्या छातीखाली धरलं. (भक्ती होती की वासावर इलाज, हे मला आजवर कळलेलं नाही.) भसकन धूर उठला. सदऱ्याच्या आतल्या पिशवीत टर्रर्र झालं, आणि क्लेपॉन माझ्या गळ्यातून उसळली, खांबावर गेली, तिथून तरंगत फणसाच्या झाडावर.

"प्राण गेला! पाक कार्सोंचा प्राण उडाला!" जुमादी ओरडला. दोघीतिघींनी रडायलाच सुरुवात केली.

"प्राण नाही रे, क्लेपॉन गेली!"

"शेवटी लाडू आठवला बिचाऱ्याला," रडणाऱ्यांतली एक म्हणाली.

मी पिशवीत पाहिलं. पिल्लू तळाशी एकटंच पडलं होतं, थरथरत, कापसाच्या बोळ्यासारखं. मग मात्र मला कोण हसतंय, कोण रडतंय, काही ऐकू येईना. इतका जीव घाबरा झाला की मी चक्क धावलो. (गल्लीनं ते दृश्य पहिल्यांदाच पाहिलं.) झाडाखाली सदरा पसरून म्हणालो, "ये गं बाई, ये. ओळखीचाच वास आहे."

एव्हाना जुमादीला खरा प्रकार कळला होता. तो चुलीचे निखारे फुलवायचा बांबूचा पंखा घेऊन माझ्यामागं उभा राहिला आणि माझा वास झाडाकडं ढकलू लागला. क्लेपॉननं खाली नाक वळवलं, हुंगलं, आणि आणखी वरच्या फांदीवर गेली.

"वारा जोरात घाल!" मी म्हणालो.

त्यानं जोरात घातला. ती शेंड्यावर गेली.

पिल्लाची थरथर आता कमी होत होती, आणि ते काही बरं लक्षण नव्हतं.

"काय चाललंय?" लासियेम आली. संध्याकाळची आंघोळ उरकलेली, केस ओले, अंगाला साबणाचा घमघमाट.

"तू लांब राहा! तुझ्या वासानं ती बिथरेल!"

"आण इकडं," म्हणून तिनं पिल्लू ओंजळीत घेतलं. त्याच्यावर उबदार श्वास सोडला. तसा पिल्लानं बारीक आवाज काढला, दार कुरकुरावं तसा. वरची पानं हलली. आणि क्लेपॉन हातपाय पसरून फडक्यासारखी तरंगत आली ती थेट लासियेमच्या ओल्या खांद्यावर. पिल्लू धडपडत आईच्या पोटाशी शिरलं आणि चुटुचुटु पिऊ लागलं. मी डोळे पुसले. (उदाचा धूर होता.)

लोक आपापली केळी घेऊन घरी गेले.

वेनिंगला फोन लावला, तर ती हसून हसून बोलेनाच. "आजोबा, पिशवी धुवायची नाही, एवढंच म्हणायचं होतं मला. तुम्हाला कोण धुऊ नका म्हणालं?"

लासियेमनं टमरेल पुढं केलं.

हौद निम्मा संपवून, सदरा बदलून मी ओसरीवर आलो. लासियेमच्या खांद्यावरून क्लेपॉननं मान लांब केली. मला वरपासून खालपर्यंत हुंगलं. मग पिल्लाला पाठीवर घेऊन माझ्या बाहीत शिरली आणि टर्रर्र न करता झोपून गेली.

"ओळखलं बघ तिनं!" मी म्हणालो.

"छे," लासियेम म्हणाली. "तिला वाटलं, नवीन माणूस ठेवलाय."