दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

"आज तोंड उघडायचं ते त्यांनी. तुम्ही बंद ठेवायचं," बायकोने दातांच्या डॉक्टरांना बजावलं. "आणि तुमचा तो धिंगाणा लावायचा नाही."

येणारा पेशंट साधा नव्हता. लेकीचे होणारे सासरे होते. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना हेडसर म्हणत. रविवारी दोन्ही घरची माणसं लग्नाचं पक्कं करायला भेटणार होती, आणि नेमकी त्याआधीच हेडसरांची दाढ ठणकायला लागली.

धिंगाणा म्हणजे डॉक्टरांची जीव की प्राण असलेली डिस्कोची तबकडी. कॉलेजात असताना घेतलेली; आता तीच गाणी त्यांच्या फोनवरही होती. वेष्टनावर चंदेरी बूट घातलेला अख्खा ताफा, आणि कडेला एकजण नुसती खंजिरी धरून उभा. डॉक्टरांच्या मते खरा कलावंत तोच. जबड्याची सगळी हाडं त्यांनी याच ठेक्यावर पाठ केली होती. स्वतः ते आयुष्यात कधी नाचले नाहीत, पण घरी आलेल्याला सोडत नसत. "दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं ऐका. सगळी वाद्यं एकदम थांबतात. चिडीचूप. आणि मग बेस गिटार उशिरा घरी आलेल्या जावयासारखं दबकत आत शिरतं." पण ती जागा येईपर्यंत पाहुणा उरलेलाच नसे. मेव्हण्याला गॅस बंद केला की नाही ते आठवायचं, मित्राला फोन यायचा.

दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बायको बसे आणि तिच्या फोनवरून आतल्या ब्लूटूथ स्पीकरवर झुळझुळत्या झऱ्याचा आवाज लावलेला असे. त्याने पेशंट शांत होतात असं तिचं म्हणणं. ते बाथरूम कुठे आहे विचारतात, असं डॉक्टरांचं.

हेडसर आले, खुर्चीत आडवे झाले आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून छताकडे बघत राहिले. डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं. "दुखलं तर डावा हात वर करा, सर." मशीन हातात घेतलं, पाय खालच्या पेडलवर ठेवला. पेडल दाबलं की मशीन फिरे, सोडलं की थांबे.

एवढ्यात बाहेर बायकोचा फोन वाजला. लेकीचा होता. बायकोने आपला फोन घाईने स्पीकरपासून तोडला, झरा आटला, आणि रिकाम्या झालेल्या स्पीकरने आपणहून डॉक्टरांच्या खिशातला फोन धरला. सकाळी दाढी करताना जिथे थांबला होता, तिथून धिंगाणा सुरू झाला.

डॉक्टरांचे दोन्ही हात हेडसरांच्या तोंडात. "अगं, बंद कर," ते ओरडले. बाहेर काही ऐकू गेलं नाही. हात वर्षानुवर्षं मुरलेला होता, तो केसभरही हलला नाही. पण पायाला कोण समजावणार? पाय ठेका धरू लागला. मशीन घूं करी, थांबे, मग घूं-घूं करी.

हेडसरांनी डावा हात वर केला. डॉक्टर चपापले. "दुखतंय? आणखी थोडी भूल देतो." दुसरं इंजेक्शन गेलं. मशीन सुरू झालं, तसा हात पुन्हा वर. या वेळी डॉक्टरांनी बोटाने टोचून पाहिलं. हिरडी दगडासारखी बधिर होती. तरी हात आपला वरच.

तेवढ्यात ती जागा आली. सगळी वाद्यं थांबली. पाय थांबला, मशीन थांबलं. त्या चिडीचूप शांततेत, गाण्यावर मात करण्यासाठी चढवलेला बायकोचा आवाज दवाखानाभर घुमला.

"अगं, माणूस चांगला आहे, पण चेहरा असा की त्यांच्यासमोर हसायचं तर परवानगी काढावी लागेल."

मग बेस गिटार दबकत आत शिरलं.

डॉक्टरांनी कशीबशी दाढ भरली. हेडसरांना काही बोलणं शक्यच नव्हतं आणि तेच जास्त भीतीदायक होतं. गाणं संपलं. डॉक्टरांनी हातमोजे काढून आधी फोन बंद केला. "आता चूळ भरा, सर."

हेडसर उठून बसले. निम्मा ओठ लोंबत होता. ते म्हणाले, "उन्हा आवा."

"ऊन हवंय?" डॉक्टरांनी धावत जाऊन खिडकीचा पडदा सरकवला. हेडसरांच्या डोळ्यांवर तिरीप आली. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि स्पीकरकडे बोट करून ते गोल फिरवलं. "उन्हा. आवा."

पुन्हा लावा.

डॉक्टरांनी पुन्हा लावलं. हेडसरांचा डावा हात वर गेला आणि बरोबर ठेक्यावर डुलू लागला. दाढेचं काम वर्षभर लांबणीवर का टाकलं होतं, तेही त्यांनी तुटक शब्दांत सांगितलं: मशीनच्या आवाजानेच त्यांना कापरं भरायचं. आज तो कळलाच नाही.

बाहेर बायको पदराने घाम टिपत उभी होती. हेडसर तिच्यासमोर थांबले, मान लववली आणि विचारलं, "अरवानगी आहे?" आणि चेहऱ्याच्या उपलब्ध असलेल्या बाजूने हसले.

ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "बघितलंस? इतक्या वर्षांत अख्खं गाणं न उठता ऐकणारा पहिला माणूस."

"उठणार कुठे? जबडा तुमच्या हातात होता."

"दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा नव्हता," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी होणाऱ्या सासरहून लेकीचा फोन आला. आवाज दबका होता.

"बाबा, तुम्ही सरांना नक्की काय दिलंत? ते दुपारपासून स्वयंपाकघरात डबा घेऊन खंजिरीसारखा वाजवताहेत. घरच्यांनी त्यांना असं कधी बघितलेलंच नाही. सासूबाई विचारताहेत, भूल उतरायला आणखी किती वेळ लागेल?"