सुतर्जोसाहेबांची उकिडवी चाल

हुद्दा वाढत गेला की माणसाची कंबर वाकायचे काम हाताखालच्या लोकांवर सोपवते, हे सर्वमान्य आहे. त्यामुळे जावामधल्या आमच्या राजवाड्याच्या गावात निवृत्त अधिकाऱ्यांपुढे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. निवृत्तीनंतर वाड्यात मानाचे सेवक व्हावे, ही इथल्या प्रत्येक प्रतिष्ठिताची इच्छा (मानधन नाममात्र, मान मात्र शेजाऱ्यांना दिसेल एवढा). पण वाड्यात वरिष्ठांपुढे उभ्याने जायची सोय नाही. उकिडवे बसून, बूड न टेकता, बदकासारखे पुढे सरकावे लागते.

सुतर्जोसाहेबांची हयात कचेरीतल्या खुर्चीत गेली होती. वाड्यातली चाचणी रविवारी होती. त्यांनी गुरुवारी तयारी सुरू केली. शरीर हे सरकारी फायलीसारखेच असते, शेवटच्या क्षणी जोर लावला की हलते, असा त्यांचा अनुभव होता.

मार्गदर्शनाला गुनादी मिळाला. दर शुक्रवारी कचेरीच्या अंगणात कर्णा लावून कर्मचाऱ्यांकडून व्यायाम करून घेणारा हा तज्ज्ञ (हजेरी शंभर टक्के, हालचाल चार). त्याचे शास्त्र सुटसुटीत होते. दुखले म्हणजे स्नायू लांबला. फार दुखले म्हणजे फार लांबला. आधी अंग गरम करणे हे चहाला शोभते, अधिकाऱ्याला नव्हे. झटका दिल्याशिवाय स्नायू हुकूम पाळत नाही. आणि एकदा लांबलेला स्नायू, वाढलेल्या भत्त्याप्रमाणे, पुन्हा कमी होत नाही.

"साहेब, श्वास रोखा!"

"रोखलाय."

"डोळ्यांत पाणी आलं?"

"आलं की रे!"

"मग जमतंय."

साहेबांच्या पत्नी लस्त्रीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, रोज सकाळी थोडं थोडं वाकला असतात, तर ही वेळ आली असती का? निदान स्वतःची चप्पल तरी उचलायचीत."

"तुला यातलं शास्त्र काय कळतंय!" साहेब म्हणाले. मान वळत नव्हती, म्हणून भिंतीला म्हणाले.

रविवारी पट्ट्यापट्ट्यांचा अंगरखा, कमरेला गुंडाळलेले बाटिकचे नक्षीदार वस्त्र आणि पाठीशी खोचलेला खंजीर अशा थाटात साहेब वाड्यात पोचले. खांबाआड त्यांनी अखेरचा सणसणीत झटका घेतला आणि ते खाली बसले. काहीतरी फाटल्याचा आवाज आला. बाटिक शाबूत होते.

पुढे सरकणे संपले. उठणेही संपले. मागचे उमेदवार रांगेत उकिडवेच खोळंबले. चेहरा लाल, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून धारा, अशा अवस्थेत साहेब जमिनीकडे पाहत राहिले. वृद्ध परीक्षकांना गहिवरून आले.

"बघा रे! तुम्ही सगळे कधी एकदा उठतो म्हणून टपलेले असता. यांना उठावंसंच वाटत नाहीये!"

नेमणूक जागच्या जागी झाली आणि साहेबांना चौघांनी, त्याच आकारात, उचलून घरी आणले. ते अजून पलंगावर आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष सेवा सुरू झालेली नाही. गुनादीकडे मात्र निवृत्तांची रीघ लागली आहे. एवढा खात्रीचा गुण कुणाच्या हाताला असतो?

तुम्हाला हसू आले, हे बरेच झाले. आता हे पुस्तक बाजूला ठेवा, टाचा टेकवून जमिनीवर उकिडवे बसा आणि कशालाही न धरता उठून दाखवा.

आम्ही थांबतो. नाही, टेबलाचा पाय धरायचा नाही.